पहिली मोटारसायकल: विम्याचे पैसे आधी बाजूला काढा, मग सीसी ठरवा

रानवाटा, सातारा

माझा भाचा यंदा चाकणला कामाला लागला. आजवर घरची स्कूटी चालवली, गिअरची गाडी कधी हातात आलेली नाही. आता हप्त्यावर थेट 350 सीसी घ्यायची म्हणतोय. घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट आहे. नवशिक्यानं पहिली गाडी 100 ते 125 सीसीची घ्यावी आणि वाचलेल्या पैशातून पूर्ण विमा काढावा. शोरूममध्ये नेमकं उलटं होतं. सगळं बजेट गाडीतच जातं आणि ऑन रोड किंमत आवाक्यात आणायला पहिली कात्री विम्याला लागते. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे "पाच वर्षं विम्याचं बघायला नको" असा पोरांचा समज होतो. पण तो विमा असतो तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर. तुमची गाडी आपटली, चोरीला गेली, पुराच्या पाण्यात बुडाली, तर त्यातून तुम्हाला एक रुपया मिळत नाही. त्यासाठी ओन डॅमेज लागतं. ते बहुतेकदा एकेका वर्षाचं असतं आणि पहिलं वर्ष सरलं की आठवणीनं भरणारे थोडेच.

दुसरा मुद्दा वजनाचा. नवशिका बहुतेक वेळा वेगात पडत नाही. यू टर्न घेताना हँडल वळलेलं असतं, समोर कुणी आलं म्हणून घाबरून पुढचा ब्रेक आवळला जातो आणि गाडी एका बाजूला कलंडते. स्प्लेंडर साधारण 112 किलोची आहे, पाय टेकवून सावरता येते. 195 किलोची क्लासिक 350 एकदा कलली की नव्या माणसाला आवरत नाही, आणि पाय तिच्याखालीच असतो.

घाटमाथा, पिंपरी

दादा, असहमत. भाचा रोज चाकण ते तळेगाव जाणार असेल तर तो रस्ता एकदा पाहून या. कंटेनर आणि ट्रेलरच्या रांगेत 100 सीसीवर ओव्हरटेक करायला जागाच मिळत नाही. ताकद कमी म्हणजे धोका कमी, हे हिशेबात बसत नाही.

आणि ब्रेकचं काय? 2019 पासून एबीएस (ब्रेक आवळला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झालं ते 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना. त्याखाली तेव्हा सीबीएसवर (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा जोड-ब्रेक) भागवलं. ज्याला ब्रेकचा अंदाज नाही त्यालाच एबीएस नसलेली गाडी द्यायची? घाबरून ब्रेक आवळणाऱ्या ज्या मुलाचं तुम्ही वर्णन केलंत, त्यालाच एबीएसची गरज सगळ्यात जास्त आहे.

शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. आज 125 घ्यायची, दोन वर्षांनी पडेल भावात विकायची आणि मग 350 घ्यायची, यात नोंदणीचा खर्च दोनदा होतो. मनातली गाडी एकदाच घ्या. वजनाची सवय रिकाम्या मैदानावर होते.

पाना-पक्कड, कोल्हापूर

माझं गॅरेज आहे. पहिल्या वर्षात नव्या पोरांच्या गाड्या माझ्याकडे कशा येतात ते सांगतो. क्लच लिव्हर टोकाला वाकलेली, एका बाजूचा इंडिकेटर लोंबकळतोय, फूटरेस्ट मागे गेलेली, टाकीवर हँडलचा पोचा. जवळजवळ सगळ्या उभ्या-उभ्या पडलेल्या. 125 ला हे सगळं स्वस्तात निघतं, कारण सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात. मोठ्या गाडीची नुसती टाकी बदलायची म्हटलं तरी पोराचा चेहरा उतरतो. एबीएसचा मुद्दा बरोबर आहे, पण एबीएस ब्रेक मारताना चाक जाम होऊ देत नाही. उभी गाडी कलंडली तर ते काही करत नाही.

आठवड्याचा बाजार, बार्शी

ओन डॅमेजचा एवढा आग्रह कशाला, हे कळत नाही. नवशिक्यानं सात-आठ वर्षं जुनी 100 सीसी घ्यावी आणि फक्त थर्ड पार्टी भरावा. 75 ते 150 सीसीला जून 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला 714 रुपये, वर जीएसटी. पाच वर्षं होतात तोवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, निम्म्यावर येते, पुढे आणखी घटते. एवढ्याशा रकमेसाठी दरवर्षी हप्ता भरण्यापेक्षा तेच पैसे हेल्मेट आणि चांगल्या टायरवर खर्च करा. शोरूमच्या गाडीवर शिकणं ही शहरी हौस आहे. आमच्याकडे सगळे जुन्या गाडीवरच शिकले.

कागद तपासा, नाशिक

मी विम्याच्या दाव्यांचं काम करते. या धाग्यात सगळे गाडीबद्दल बोलताहेत, माणसाबद्दल कुणीच नाही.

रानवाटा दादा, तुमच्या भाच्याचं लायसन्स कोणतं आहे ते आधी बघा. विनागिअर स्कूटीच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवली आणि अपघात झाला, तर ओन डॅमेजचा दावा नाकारला जाऊ शकतो. समोरच्याला भरपाई विमा कंपनीनं दिली तरी ती नंतर तुमच्याकडून वसूल करता येते. लर्निंग काढा, किमान 30 दिवसांनी गिअरची परीक्षा द्या, गाडी त्यानंतर.

बार्शीचे दादा, जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी हा हिशेब चुकीचा नाही. पण मागे मित्र बसला तर? नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला आपोआप धरला जात नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालात तेच आहे. पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या) तो येतो. आणि चालवणारा स्वतः? त्यासाठी मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा आहे. आधीपासून तेवढं संरक्षण असेल तर पुन्हा घ्यायची गरज नसते, पण "आहे आहे" म्हणून टाळून पुढे जाणारेच मी जास्त पाहते. जुनी गाडी घेताना नाव बदलण्याइतकीच घाई पॉलिसी बदलण्याची करा. त्याला 14 दिवसांची मुदत असते.

झिरो डेपबद्दलही सांगते, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारं जादा संरक्षण. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते. कोल्हापूरच्या दादांनी सांगितलेला इंडिकेटर प्लास्टिकचाच असतो. पहिल्या वर्षी नवशिक्याला झिरो डेप घ्यायला मी सांगेनच.

घाटमाथा, पिंपरी

ताई, लायसन्सचं बरं सांगितलंत. पण सीसीचा एक हिशेब मांडतो. त्याच 2022 च्या दरपत्रकात थर्ड पार्टीचा पुढचा गट 150 च्या वरपासून 350 पर्यंत, वर्षाला 1,366. नव्या गाडीला पाच वर्षांचे 7,365, आणि 150 पर्यंतच्या गाडीला 3,851. म्हणजे 160 सीसीची युनिकॉर्न आणि 349 ची क्लासिक, दोघींना सारखाच आकडा. फक्त थर्ड पार्टीकडे पाहून 160 वर थांबण्यात अर्थ नाही.

रानवाटा, सातारा

म्हणूनच 149 वर थांबावं! एफझी किंवा पल्सर 150 खालच्या गटात बसते, एबीएस मिळतं आणि वजन 350 पेक्षा बरंच कमी. एबीएसचा तुमचा मुद्दा मला पटला, त्यामुळे 125 चा हट्ट सोडतो. 350 ला मात्र माझा विरोध कायम आहे. सवय होईपर्यंत पोरगं मैदानात राहणार नाही, दुसऱ्या दिवशी चाकणच्या चौकातच जाणार.

घाटमाथा, पिंपरी

149 चालेल. पण भाच्याला विचारा. त्याच्या पगाराची गाडी आहे, मन मारून घेतलेली गाडी पोरं सांभाळत नाहीत.

कागद तपासा, नाशिक

शोरूममधून निघण्याआधी पॉलिसीची प्रत मागून घ्या. इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवा, ओन डॅमेजची शेवटची तारीख वेगळी शोधून मोबाइलवर लावा. थर्ड पार्टीची तारीख त्याच कागदावर पाच वर्षं पुढची असते आणि लोक तीच वाचतात. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा दर हातात ठेवून बोला.