चार वर्षांच्या मुलाची त्वचा मागे सरत नाही. सुंता लगेच करावी लागते का?

द्राक्षबाग, तासगाव (प्रश्न)

नमस्कार. आमचा मुलगा चार वर्षे दोन महिन्यांचा आहे. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या आरोग्य पथकाने, लघवीच्या जागेची पुढची त्वचा मागे सरत नाही, तेव्हा डॉक्टरांना दाखवून घ्या, असे सांगितले. त्याप्रमाणे सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तेथे पाच मिनिटांत ‘फायमोसिस आहे, सुंता करावी लागेल, सोमवारी सकाळी उपाशीपोटी घेऊन या’ असे सांगून आम्हाला बाहेर पाठवले. मुलाला ताप, जळजळ किंवा रक्त असे काहीही होत नाही. लघवी करताना मात्र त्वचा फुग्यासारखी थोडी फुगते आणि मग धार येते. शिवाय त्वचेखाली ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरट गाठ दिसते, तो पू असावा अशी मला भीती वाटते.

सुंता हा शब्द ऐकल्यापासून सासूबाईंनी ‘आपल्यात हे करत नाहीत’ एवढेच धरून ठेवले आहे, आणि यजमानांचे म्हणणे असे की डॉक्टर सांगतात तर करून टाकावे. मला धर्माची अडचण वाटत नाही, पण गरज खरोखर आहे का, हे समजल्याशिवाय लेकराला भूल द्यायला मन तयार होत नाही. शेजारच्या काकू रोज आंघोळीच्या वेळी तेल लावून त्वचा मागे ओढायला सांगतात, तेही योग्य आहे का?

निवृत्त बालशल्यचिकित्सक, मिरज

ताई, आधी काकूंचा सल्ला बंद करा. जन्मतः त्वचेची आतली बाजू शिश्नाच्या टोकाला चिकटलेलीच असते आणि ती वर्षानुवर्षे हळूहळू सुटत जाते. ती जोराने ओढली की बारीक चिरा पडतात, चिरा भरताना व्रण धरतो, आणि जी त्वचा आपोआप सैल झाली असती ती खरोखरच आखडून बसते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांचा आजार असा घरच्या मायेनेच तयार झालेला होता.

ब्रिटनमध्ये डग्लस गेर्डनर यांनी 1949 मध्ये आणि डेन्मार्कमध्ये याकोब ओस्टर यांनी 1968 मध्ये या विषयावर जे लिहिले, ते आजही आम्हाला उपयोगी पडते. नवजात मुलांपैकी जेमतेम 4 टक्क्यांची त्वचा पूर्ण मागे सरते, असे गेर्डनर यांना आढळले. ओस्टर यांनी शाळकरी मुले वर्षानुवर्षे तपासली, तेव्हा सहा-सात वर्षांच्या मुलांत आखडलेली त्वचा सुमारे 8 टक्क्यांना होती, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत ती सुमारे 1 टक्क्यावर आली होती. म्हणजे चौथ्या वर्षी त्वचा मागे न सरणे हा बहुधा वयाचा भाग असतो. तुम्ही वर्णन केलेली पांढरट गाठ बहुतेक गळून साठलेल्या पेशींची असावी. तिथे लाली, सूज किंवा दुखणे नसेल तर तो पू नव्हे, आणि त्वचा सुटत जाईल तशी ती आपोआप बाहेर पडते. लघवीच्या वेळचे फुगणेही, धार नीट येत असेल आणि मूल कुंथत नसेल तर, एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरवण्याजोगे नाही.

खरा प्रश्न त्वचेचे तोंड कसे दिसते हा आहे. हलकेच मागे ताणल्यावर आतली गुलाबी त्वचा कळीसारखी उमलताना दिसली, तर ती निरोगी समजावी. मात्र तोंडाशी पांढरे, कडक कडे दिसत असेल, ते चिरत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर तो व्रण असतो. त्यात लायकेन स्क्लेरोसस हा आजारही असू शकतो आणि तेथे सुंता हाच भरवशाचा उपाय आहे. या दोन टोकांच्या मधल्या मुलांना बीटामेथासोन 0.05 टक्क्याचे मलम दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे, फक्त आखडलेल्या कड्यावर लावायला देतात. बहुसंख्य मुलांची त्वचा त्याने सैल होते. हे मलम मात्र डॉक्टरांनी पाहून दिल्याशिवाय आणू नका.

लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला नाही ना, हे कोणत्याही शल्यचिकित्सकाने आधी पाहायलाच हवे. तसे असेल तर पुढची त्वचा मुळीच कापू देऊ नये, कारण पुढे छिद्र जागेवर आणण्याच्या शस्त्रक्रियेत तीच त्वचा लागते.

शिक्षक, विटा

आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याला डॉक्टरसाहेबांनी सांगितले तसे पांढरे कडे झाले होते. मलमाचे दोन महिने वाया गेले आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणून प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आदल्या रात्रीनंतर जेवण बंद होते, साधे पाणी मात्र भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालले. पूर्ण भूल दिल्यावर कमरेच्या खालच्या भागात मणक्याजवळ एक इंजेक्शन दिले, त्यामुळे शुद्धीवर आल्यावरही काही तास दुखले नाही. आखडलेली त्वचा गोलाकार काढून आतली आणि बाहेरची कड विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडली, आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवला. हे सारे पाऊण तासात आटोपले, व संध्याकाळी आम्ही घरी आलो.

तिसऱ्या दिवशी टोकावर पिवळसर थर दिसला आणि आम्ही घाबरून पुन्हा विट्याहून गाडी काढली. तो पू नव्हे, जखम भरतानाचा थर आहे, हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर तो हेलपाटा वाचला असता. घासू नये म्हणून व्हॅसलीन लावायचो आणि आठवडाभर त्याला माझी जुनी लुंगी नेसवली, ज्याचा त्याला फारच अभिमान वाटला. टाके तीन आठवड्यांत गळाले. आता लघवीची धार बारीक किंवा वाकडी होत नाही ना, हे पाहायला सांगितले आहे, कारण कधीकधी नंतर छिद्र आक्रसते.

निवृत्त कर्मचारी, पलूस

विषय मुलांचा आहे, तरी एक पुरवणी जोडतो. माझे वय 54. त्वचेला चिरा पडून ती मागे सरेनाशी झाली, तेव्हा स्टेपलरने वीस मिनिटांत सुंता अशी जाहिरात पाहून मी थेट भाव विचारायला गेलो. सुदैवाने तिथल्या सर्जननी आधी रक्तातली साखर तपासली आणि मला मधुमेह असल्याचे त्या दिवशी कळले. लघवीतून साखर गेली की तिथे बुरशी वाढते. साखर आटोक्यात आल्यावर जंतुसंसर्ग गेला, पण कडे तसेच राहिले. मग जागेपुरती भूल देऊन, साध्या टाक्यांनी सुंता झाली. सहा आठवडे मोटारसायकल आणि वैवाहिक संबंध दोन्ही बंद होते.

किराणा दुकानदार, मिरज

सासूबाईंची अस्वस्थता मी समजू शकतो. सुंता हा मराठी शब्दच मुळी सुन्नतवरून आला आहे, त्यामुळे तो कानावर पडताच आमचे घर डोळ्यांपुढे येणारच. आमच्याकडे हा विधी आहे, तरी माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी सर्जननी विधीबद्दल नव्हे, तर घरात कोणाला दात काढल्यावर खूप वेळ रक्त वाहिले होते का, मामाकडे तसा आजार आहे का, हेच खोदून विचारले. हिमोफिलिया आईच्या बाजूने मुलाकडे येतो, हे मला तेव्हाच कळले. ताई, तुम्ही कोणताही निर्णय घ्या, या प्रश्नाचे उत्तर आधी माहेरी विचारून ठेवा. एक शंका मलाही आहे. सुंतेने एड्स टळतो असे ऐकतो, ते खरे का?

निवृत्त बालशल्यचिकित्सक, मिरज

अर्धे खरे आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण सुमारे 60 टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लागण फार असलेल्या आफ्रिकी देशांसाठी सुंतेची शिफारस केली. पण धोका घटतो, संपत नाही, त्यामुळे निरोधला तो पर्याय नाही. तासगावच्या चार वर्षांच्या मुलाच्या निर्णयाशी तर त्याचा काही संबंध नाही.

द्राक्षबाग, तासगाव

सर्वांचे आभार. काल मिरजेत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी छिद्र जागेवर असल्याचे आणि कडे गुलाबी असल्याचे मला उजेडात दाखवले, मलम लिहून दिले आणि सहा आठवड्यांनी बोलावले. माहेरी विचारले, रक्ताचा तसा आजार कोणाला नाही. सोमवारचे रद्द केले आहे. मलमाची वेळ आता सासूबाईच पाळतात, फक्त ते कशासाठी आहे हे काकूंना सांगू नकोस, अशी त्यांनी मला ताकीद दिली आहे.