पूर बघताना पाणी अजून चढावे असे का वाटते?

गोदाकाठ (प्रश्न):
मी नाशिकला, पंचवटीत राहतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की माझे पाय आपोआप रामकुंडाकडे वळतात. नदीपात्रातल्या ज्या मूर्तीवरून आम्ही पुराची उंची मोजतो, त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की काठावरच्या गर्दीत कुजबुज सुरू होते आणि खरे सांगायचे तर, कोणाचे तरी घर-दुकान बुडाल्याशिवाय ते होणार नाही हे ठाऊक असूनही, पाणी छातीपर्यंत चढावे असे त्या क्षणी मलाही वाटते. अपघाताची बातमी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. भयपट पाहिल्यावर दिवा लावल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याची हिंमत होत नाही, तरी पुढच्या शनिवारी दुसरा लावतोच. ही विकृती समजावी काय?

जिज्ञासू:
विकृती म्हणू नये. हे फार जुने आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये लिओंटियस नावाच्या माणसाची गोष्ट येते. तटाबाहेर पडलेली, देहदंड दिलेल्यांची प्रेते बघू नयेत म्हणून तो आधी तोंड झाकतो, पण शेवटी हार मानून डोळे विस्फारत त्यांच्याकडे धावतो आणि स्वतःच्या डोळ्यांनाच दूषणे देतो. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका ‘भुताच्या घरा’त शिरणाऱ्या 110 जणांवर केलेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. भीती फार कमी असली किंवा फार जास्त असली तर मजा उणावते आणि सर्वाधिक आनंद मधल्या टप्प्यावर मिळतो, असे त्यात दिसले. तर्रीने नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असतानाही आपण मिसळीवर आणखी रस्सा मागतो, त्यातलाच हा प्रकार: शरीर घाबरते, पण धोका नाही हे मनाला पक्के ठाऊक असते.

रसिक:
मिसळीचा दाखला भयपटाला लागू पडतो, पुराला नाही. भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स यांना रसांत स्थान दिले, ते नाट्याच्या संदर्भात. बाणाच्या भीतीने मान वळवून मागे बघत पळणाऱ्या ‘शाकुंतला’तील हरणाचा श्लोक घेऊन भरताच्या नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त हेच उलगडून दाखवतात, की तिथे जाणवणारी भीती ना माझी असते, ना शत्रूची, ना मित्राची, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. गोदेच्या पुरातली भीती मात्र नेहमीच कोणाची तरी असते. आपण फक्त ती आपली नाही याची खात्री करून घेऊन काठावर उभे राहतो.

भांडीवाला:
ती माझी असते, म्हणून लिहितो. लहानपणी मलाही पूर बघण्याचा चस्का होता. होळकर पुलावरून घरी ओढून आणावे लागत असे. 2019 च्या ऑगस्टमध्ये भांडी बाजारातल्या आमच्या दुकानात पाणी शिरले, तेव्हा बंद शटरमागे पातेली तरंगत एकमेकांवर आपटत होती आणि तो आवाज मी बाहेर, गुडघाभर पाण्यात उभा राहून ऐकत होतो. भयपट मी अजूनही चवीने पाहतो, पण रात्री भांडे पडल्याचा आवाज झाला तर उठून बसतो. मारुतीकडे मीही जातो, पण पाणी गुडघ्यांच्या वर दिसले की तसाच माघारी फिरून खालच्या फळीवरचा माल माळ्यावर चढवायला घेतो. गोदाकाठ, तुम्ही यंदा बघायला याल तेव्हा दुकानावरून जा. त्या वेळी दोन हात नेहमीच कमी पडतात.