मदत हवी आहे: केमो चालू आहे आणि गणपतीला घर भरणार, भेटायला येणाऱ्यांना कसं सांभाळू?

गिरणवाली

नमस्कार मंडळी. एरवी इथं पाककृती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. उन्हाळ्यात डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता बेळगावला केमो चालू आहे, दर २१ दिवसांनी, ती लाल औषधाची. औषधाबद्दल फार विचारायचं नाही, डॉक्टर चांगले आहेत, विचारलं तेवढं नीट सांगतात. माझा प्रश्न माणसांचा आहे.

आमची पिठाची गिरण घराला लागूनच आहे. त्यामुळं गावातलं प्रत्येक घर आठवड्यातनं एकदा तरी आमच्या दारात येतंच. डबा गिरणीत ठेवायचा, आणि दळण होईपर्यंत "जरा वैनीला बघून येतो की" म्हणून आत. चपला काढतात, पण हात कोण धुणार? बसतात, माझ्याकडं बघतात, मग एकमेकींकडं बघतात. "काय करायलीस ग? बरी हाईस न्हवं?" इथपर्यंत ठीक. पुढं सुरू होतं, "आमच्या मावळणीला पण हेच झालतं, लई हाल झाले बघ." मावळण आता कशी आहे हे मी विचारत नाही, कारण उत्तर माहीत असतं. सासूबाई प्रत्येकाला चहा करतात. घरच्या म्हशीचं दूध सगळं चहातच चाललंय.

पण मला भेटी बंद करायच्या नाहीत, हे आधीच सांगते. डोसनंतरचे पहिले काही दिवस कुणाचा आवाजसुद्धा नको वाटतो. ते सरले की मीच सोप्यात खुर्ची टाकून वाट बघत बसते. शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या. "आराम अदीरी?" म्हणतात आणि उत्तराला न थांबता चुलीपुढं बसून भाकऱ्या थापून जातात. त्या रोज आल्या तरी मला चालतंय.

आता खरी अडचण. भावकीचा गणपती आमच्याच घरात बसतो, मूळ घर आमचं. मुंबई, पुणे, गोवा, सगळीकडनं माणसं येतात, पोरंबाळं धरून तीसेक तरी. पुढचा डोस असा आलाय की चतुर्थी त्याच्या दहाव्या दिवसाच्या आसपास पडते. डॉक्टर म्हणाले, त्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, गर्दी टाळा. नवरा म्हणतोय, यंदा गणपती धाकट्या दिराच्या घरी नेऊ. सासूबाई म्हणतात, बाप्पाची जागा हलवायची नाही. दोघं मला मध्ये घालून बोलत नाहीत, हे आणखी वाईट. माझ्यामुळं गणपती हलला असं पुढं वीस वर्षं ऐकायची माझी तयारी नाही.

डोस आठवडाभर पुढं ढकलून मिळतो का? नणंदेची मुलगी दोन महिन्यांचं बाळ घेऊन येणार आहे, त्याला नुकतेच पोलिओचे थेंब आणि सुया दिल्यात. त्याला मांडीवर घेतलं तर चालेल का? गौरीच्या आधी कासारीण येते बांगड्या भरायला, डावा हात तिच्या हातात द्यायचा की नाही? आणि जाऊबाईंनी माझा पेला-ताट वेगळं ठेवलंय. तोंडानं काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मुलांना माझ्याजवळ येऊ देत नाहीत. त्यांना कसं सांगायचं?

---

स्पष्टवक्ता

जीव महत्त्वाचा की गणपती? सरळ दाराला पाटी लावा, "भेटायला येऊ नये". ज्यांना राग येईल ते आपले नव्हेतच.

---

गिरणवाली

@स्पष्टवक्ता, शहरातल्या फ्लॅटला पाटी शोभते हो. इथं दाराला पाटी लावली तर तीच वाचायला अख्खं गाव येईल.

---

मिरजेची सिस्टर

ताई, मी केमोच्या डे केअरमध्ये काम करते. तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, तरी रोज जे सांगते ते लिहिते.

डोस स्वतःहून पुढं ढकलायचा नाही. तुमची केमो ऑपरेशननंतरची, म्हणजे आजार परत उलटू नये म्हणून चाललेली. तिचं वेळापत्रक पाळण्याला अर्थ आहे. एखाद-दोन दिवस मागंपुढं होतं का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा, आदल्या दिवशी नको. पण सणासाठी आठवडा मागायची वेळ येऊ देऊ नका.

या औषधांत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पेशी तळाला जातात आणि पुढच्या डोसपर्यंत वर येतात. तुम्हाला पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात का? डोसनंतर निदान २४ तास गेल्यावर पोटात किंवा दंडात टोचतात, आणि मग कंबर-मांड्यांची हाडं ठणकतात, ते. देत असतील तर थोडा आधार असतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी खानापुरात रक्त तपासून घ्या. रिपोर्टमध्ये एएनसी म्हणून आकडा असतो, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. १००० च्या खाली असेल तर माणसांत बसू नका. ५०० च्या खाली गेला तर डॉक्टरांना लगेच फोन करा, ताप असो वा नसो.

सगळ्यात महत्त्वाचं, थर्मामीटर उशाशी ठेवा. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस ताप भरला की रात्र असली, आरती चालू असली तरी दवाखान्याला फोन करून निघायचं. आधी पॅरासिटामॉल घेऊन बघू, हे नको. गोळीनं ताप उतरतो पण आतला जंतुसंसर्ग तसाच वाढत राहतो, आणि पेशी नसताना तो काही तासांत हाताबाहेर जातो. सणात गाडी आणि चालवणारा माणूस आधी ठरवून ठेवा. पावसात जांबोटीहून बेळगाव गाठायचं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

माणसांना भेटायला हरकत नाही. सर्दी, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असलेलं कुणी नको, मग तो सख्खा भाऊ का असेना. मुंबईहून निघायच्या आधीच फोनवर विचारून घ्या, दारात आल्यावर विचारणं अवघड जातं. मुलांत कांजिण्या, गोवर चालू आहे का हे मुद्दाम विचारा. कांजिण्या अंगावर उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. नंतर कळलं तर गप्प बसू नका, डॉक्टरांना कळवा. दारात बादली, तांब्या, साबण ठेवा. पाय धुवायला पाणी ठेवायची आपली रीत आहेच, त्यात हात आले म्हणून कुणाचा अपमान होत नाही.

बाळाचं लसीकरण तुमच्यासाठी थांबवायला सांगू नका. तोंडावाटे देतात ते पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस यांत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो आणि तो काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. म्हणून दुपटी, लंगोट तुम्ही बदलायचे नाहीत, त्या खोलीत झोपायचं नाही. जी बदलेल तिनं साबणानं हात धुवायचे. मांडीवर घेण्याबद्दल, लसीची तारीख आणि तुमचा रक्ताचा रिपोर्ट दोन्ही सांगून डॉक्टरांना विचारा. पेशी सावरलेल्या असतील तर बहुतेक वेळा हो म्हणतात. पापे मात्र घेऊ नका, ते फोटोपुरते ठेवा.

प्रसादात कच्च्या दुधाचं पंचामृत नको, सकाळी कापून ठेवलेली फळं नकोत, कोशिंबीर नको. वाफेवरचे मोदक गरम गरम खुशाल खा. फुलं-पत्री निवडायचं काम दुसऱ्याला द्या, फुलदाणीतलं जुनं पाणी आणि माती यांच्यापासून लांब. आणि गिरणीत जाऊच नका, ते पीठ नाकातोंडात जातं.

---

हलगीवाला

माझ्या ओळखीत एकांना लक्ष्मणफळाच्या पानांच्या काढ्यानं खूप फरक पडला. केमोबरोबर चालू करा, पत्ता देतो.

---

मिरजेची सिस्टर

@हलगीवाला, पत्ता देऊ नका. लक्ष्मणफळानं माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही, आणि केमोबरोबर कुठलाही काढा डॉक्टरांना न सांगता घेतला तर यकृत, मूत्रपिंड यांच्यावर काय होईल सांगता येत नाही. ताई, सणात असे दहा पत्ते मिळतील. "डॉक्टरांना विचारून घेते" एवढंच म्हणायचं आणि विषय बदलायचा.

---

निपाणीकर

वहिनी, बायकोच्या आजारपणात मी हे सगळं केलंय. ती आता ठणठणीत आहे आणि माझ्यावर ओरडतेही, म्हणून लिहायचा अधिकार आहे असं समजतो.

एक गोष्ट कामाला आली. "येऊ नका" हे पेशंटनं म्हणायचं नसतं आणि नवऱ्यानंही. भावकीतलं एक वजनदार म्हातारं माणूस धरायचं. आमच्याकडं मी माझ्या आत्याला बसवली. ऐंशीच्या घरातली, तोंडानं फटकळ, तिला उलट बोलायची कुणाची टाप नाही. ती उंबऱ्यातच खुर्ची टाकून बसायची. "लांबनं नमस्कार कर, पाच मिनिटं बस, ऊठ." मावळणीची गोष्ट कुणी काढली की म्हणायची, "गप ए, तुला कोण विचारलं?" लोक तिच्यावर चिडले, आमच्यावर नाही. आणि ती आधीच सगळ्यांवर चिडलेली असायची, त्यामुळं हिशेब बरोबर.

दुसरं, लोकांना काम द्या. माणूस आजाऱ्याला बघायला येतो तेव्हा त्याला काय करावं कळत नाही, म्हणून तो नको ते बोलतो. तुमच्या शेजारच्या अक्कांना ते आपसूक जमतंय, बाकीच्यांना सांगावं लागतं. म्हशीची वैरण कोण आणणार, बेळगावच्या खेपेला गाडी कोण काढणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, गणपतीत गिरणीवर कोण उभं राहणार. मोदकाच्या पिठासाठी त्या आठवड्यात रांग लागत असेल ना? पुण्याच्या एका तरण्या पुतण्याला गिरणीवर उभा करा. डबे घ्यायचे बाहेरच, द्यायचे बाहेरच, आतला दरवाजा बंद. भेटीची निम्मी गर्दी तिथंच थांबेल.

गणपती हलवू नका, तुम्ही हला. धाकट्या दिराच्या घरात एक खोली त्या दिवसांपुरती तुमची, स्वच्छ, स्वतंत्र संडास असलेली. गर्दी मूळ घरात, तुम्ही तिकडं. आरतीला मास्क लावून दारात, आणि ज्या दोन-चार जणांशी बोलायचं त्यांना संध्याकाळी ओट्यावर बोलवायचं, उघड्या हवेत.

अवांतर: खर्चासाठी सरकारी कार्ड वापरताय का? महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला होता. तुमचं गाव यादीत आहे का बघून ठेवा.

---

गिरणवाली

@निपाणीकर, "तुम्ही हला" हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! दिराच्या घरात मागची खोली आहे, संडासही वेगळा. खर्चाचं सध्या इकडच्या कार्डावर भागतंय, तरी यादी बघते.

आत्या आमच्याकडंही आहे. नवऱ्याची मोठी आत्या, नंदगडला असते. तिला बोलवलं तर माझंही काही खरं नाही, पण चालेल.

@मिरजेची सिस्टर, पेशींचं इंजेक्शन देतात, हाडं ठणकतात तीच. बांगड्यांचं आणि जाऊबाईंचं राहिलं.

---

मिरजेची सिस्टर

बांगड्या उजव्या हातात हव्या तेवढ्या भरा. डाव्या हाताला कासारणीनं दाबून भरायच्या नाहीत. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातल्या लसिकेचा, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा कमी होतो, आणि काच लागून जखम झाली तर जंतुसंसर्ग होऊन हात सुजायची भीती असते. डावा हात मोकळा वाटत असेल तर सहज सरकणारी धातूची एखादी बांगडी घाला, सुवासिनीचा हात रिकामा नको म्हणणाऱ्यांचंही समाधान होईल. रक्तदाब आणि रक्त काढणं उजव्या हातालाच, दर वेळी स्वतः सांगा. नवीन मुली घाईत विसरतात, आमच्याकडच्याही.

जाऊबाईंना सांगा की कॅन्सर लागत नाही. पेल्यातून नाही, ताटातून नाही, मिठी मारून नाही. मात्र त्यांच्या मनात केमोच्या औषधाची शंका असेल तर तिच्यात थोडं तथ्य आहे. औषध डोसनंतर साधारण ४८ तास लघवी, उलटी, घामातून थोडं बाहेर पडतं. तेवढे दोन दिवस संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं, तुमचे खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे, धुणारीनं हातमोजे घालायचे. लाल औषधानं लघवीही एक-दोन दिवस लालसर होते, ती बघूनच घरातले घाबरतात. चतुर्थीपर्यंत हे सगळं संपलेलं असतं. खरं तर त्या वेळी मुलांना तुमच्यापासून काही नाही, तुम्हालाच मुलांच्या सर्दीपासून जपायचंय. असं उलटं सांगून बघा.

---

स्पष्टवक्ता

पाटीचा सल्ला मागे घेतो. आत्या भारी आहे.

---

गिरणवाली

जाऊबाईंना मी न सांगता हा धागाच वाचायला दिला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मग पेला तुला इन्फेक्शन होऊ नये म्हणून वेगळा ठेवते असं सांगायचं होतं की मी." म्हणजे पेला वेगळाच राहणार, पण पोरगी आज संध्याकाळी वही घेऊन दारात येऊन बसली, चार हात लांब, पाढे म्हणायला.

गुरुवारी डॉक्टरांकडं जायचंय. बाळाच्या लसीची तारीख नणंदेकडून मागवून घेतलीय, कागदावर बाकीचे प्रश्नही लिहून ठेवलेत. नंदगडला फोन झाला. आत्या म्हणाली, येते, पण मला खुर्ची नको, पाट आणि पानाचा डबा ठेवा.

पुतण्याला गिरण चालवता येते का एवढंच आता बघायचं राहिलंय. पट्टा घसरला की तो कॉम्प्युटर इंजिनिअर काय करणार, देव जाणे.