‘कॉमनप्लेस बुक’ला मराठीत काय म्हणावे: टिपणवही, बाड की विचारसंग्रह?

पानवळण
एका इंग्रजी निबंधाचा अनुवाद करताना ‘कॉमनप्लेस बुक’ या शब्दापाशी गाडी अडली आहे. वाचताना, ऐकताना किंवा स्वतःशी विचार करताना जे पटले, खटकले किंवा नवे वाटले, ते चार ओळींत उतरवून ठेवण्याची ही वही. तिच्यात एका पानावर वनस्पतिशास्त्र, दुसऱ्यावर कायदा आणि तिसऱ्यावर संगीत असू शकते. तिचे तारखांशी काही देणेघेणे नसते, म्हणून ती रोजनिशी नव्हे. आणि तिला एक विषय नसतो, म्हणून ती अभ्यासाची वहीही नव्हे. मी ‘टिपणवही’ असे लिहिले होते. अनुवाद तपासणाऱ्या ज्येष्ठ स्नेह्यांनी ते खोडून ‘टिपण म्हणजे जन्मटिपण, नाहीतर कचेरीतले टिपण, येथे विचारसंग्रह म्हणावे’ असा शेरा मारला. विचारसंग्रह म्हटले की छापील, बांधीव पुस्तक डोळ्यांपुढे येते आणि या वहीतला खासगी, अर्धामुर्धा ऐवज त्यात हरवतो, असे मला वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

नीरक्षीर
मूळ शब्दातला ‘कॉमन’ म्हणजे साधासुधा नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. लॅटिन ‘लोकुस कोम्युनिस’ हा वक्तृत्वशास्त्रातला शब्द. अनेक वादांत उपयोगी पडेल असा मुद्दा जिथे हाताशी सापडतो, ते सामाईक ठिकाण. आपल्याकडे वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनातले ‘सामान्य’ याच वळणाचे आहे: अनेक व्यक्तींत एकच असणारे ते सामान्य, जसे सगळ्या गायींतले गोत्व. पुढे इंग्रजीत ‘कॉमनप्लेस’ म्हणजे गुळगुळीत झालेले बोलणे असा अर्थ रूढ झाला आणि मराठीत ‘सामान्य’ म्हणजे यथातथा. दोन्ही भाषांत या शब्दाची घसरण एकाच उतारावरून व्हावी, याचे मला नेहमी नवल वाटते. तरीही ‘सामान्यवही’ असे मी कोणालाही सुचवणार नाही.

टाकबोरू
‘बाड’, म्हणजे हाताने उतरवलेल्या मजकुराची जुनी वही, हा शब्द घरात असताना नवा कशाला शोधायचा? रामदासी बाडांत एकाच्या नव्हे, अनेक संतकवींच्या रचना शेजारी शेजारी उतरवलेल्या सापडतात. ज्याला जे आवडले, ते त्याने आपल्या हाताने लिहून घेतले. वृत्ती हीच आहे. ‘विचारसंग्रह’ हा समास करून केलेला शब्द आहे, ‘बाड’ हा वापरून झालेला आहे.

सरळरेघ
आज ‘बाड’ म्हटले की वाचकाला पाठोपाठ बिस्तराच आठवेल. लोक ‘नोट्स काढल्या’ म्हणतात आणि ते सर्वांना कळते. ‘पेन’ आणि ‘टेबल’ आपण कधीच आपलेसे केले. मग ‘नोट्सची वही’ लिहिल्याने मराठीचे काय बिघडते?

नीरक्षीर
बिघडते ते अर्थाचे, मराठीचे नव्हे. नोट्स म्हटले की परीक्षा आली, आणि परीक्षेच्या नोट्स दुसऱ्याने काढलेल्याही चालतात. किंबहुना अनेकदा त्याच चालतात. ही वही मात्र दुसऱ्याची चालत नाही.

कुसुंबी
मी अशी वही अनेक वर्षे ठेवते आणि तिला टिपणवहीच म्हणते, कारण त्यात ‘टिपणे’ हे क्रियापद जिवंत आहे. पाखरू दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, आपण पदराने डोळे टिपतो. तिन्हीत हवे तेवढे हलकेच उचलले जाते आणि बाकीचे जागच्या जागी राहते. जन्मटिपणाचा अर्थ मलाही ठाऊक आहे, पण एका अर्थाने दुसऱ्याची वाट अडवावी असे मला वाटत नाही.

माझ्या वहीतले एक पान सांगते. वर लिहिले आहे: ‘पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कठीण होते, पण ठिसूळही होते, म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. पाणी देणे.’ त्याखाली बऱ्याच दिवसांनी वेगळ्या शाईत लिहिले आहे: ‘हाडावर भार पडत राहिला तर ते दाट होते, भार गेला की विरळ होते. अंतराळवीरांची हाडे.’ या दोहोंत सरळ नाते नाही, हे मला कळते. पण ताण सोसून पदार्थ कसा बदलतो, हा प्रश्न मला त्या पानाने दिला. कोणत्याही एका विषयाच्या पुस्तकाने दिला नसता.

पानवळण
हे पान फार आवडले. पण अशा वहीत हवे ते पुन्हा सापडते कसे? मी अनुवादत असलेल्या निबंधात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या पद्धतीचा उल्लेख आहे आणि तो परिच्छेद मला नीट उलगडत नाही.

नीरक्षीर
लॉक यांनी ही पद्धत 1686 साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केली. इंग्रजी पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1706 साली आले. नोंदीच्या मथळ्याचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर घेऊन सूची करायची, एवढेच त्यात आहे. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावे लागले; आपल्याला ‘बाराखडीने लावा’ एवढे दोन शब्द पुरतात. ‘काळ’ का-खाली, ‘कीटक’ की-खाली.

सरळरेघ
वहीच कशाला हवी? निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञांनी सुमारे 90,000 कागदी चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीला क्रमांक होता आणि जुन्या चिठ्ठीला फाटा फुटला की त्या क्रमांकापुढे अक्षर जोडून नवी चिठ्ठी तिच्यामागे ठेवता येत असे. त्या पेटीला ‘चिठ्ठीपेटी’ म्हणता येईल.

टाकबोरू
चिठ्ठी कोणाला तरी धाडायची असते. न धाडायचा कागद तो ‘चिठोरा’. आणि ‘टिपण’ हे तरी शुद्ध मराठी कशावरून? ते संस्कृत ‘टिप्पणी’वरूनच आले असणार, म्हणजे दुसऱ्याच्या ग्रंथावरची टीप. स्वतःच्या विचाराला तो शब्द लावणे मला पटत नाही.

कुसुंबी
मला उलटे वाटते. ट-वर्गाने सुरू होणारे संस्कृत शब्द मुळात थोडे आणि त्यांतले पुष्कळ लोकभाषांतून तिकडे गेलेले. दाणा टिपणाऱ्या पाखराला कोणत्याही ग्रंथाची गरज पडली नसावी.

टाकबोरू
मग नेमबाज पाखरू टिपतो, ते क्रियापद वेगळे मानायचे का? तिथे हलकेच उचलणे कुठे आहे?

कुसुंबी
वेगळे नाही. थव्यातले नेमके एक हेरले जाते, हा अर्थ तिथेही आहेच.

सरळरेघ
आणि शिंप्याची टीप? तिथे तर काहीच हेरायचे नसते. सुई एक टाका मागे येऊन पुढे जाते.