सांगलीत कामावर जायला बिनगिअरची स्वस्त सायकलच बरी. पटतंय का?

गावभागकर:
मंडळी, जरा वाद घालूया. सांगलीत राहून कुपवाड एमआयडीसीत नाहीतर मिरजेला कामावर जायचंय आणि खिशात सात-आठ हजारच आहेत, तर बिनगिअरची साधी सायकल घ्यावी असं माझं मत. त्यात थोडे घालून ती एकवीस गिअरची, पुढं सस्पेन्शन, दोन्हीकडं डिस्क ब्रेक असली भपकेबाज सायकल येते, ती घेऊ नये. अहो तेवढ्या पैशात कंपनी कुठंतरी हात आखडणारच की, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), डिरेलर (चेन एका चक्रावरनं दुसऱ्यावर सरकवणारा भाग), सस्पेन्शन सगळं बसवायचं म्हटल्यावर हब (चाकाचा मधला भाग), बेअरिंग, रिम ह्यातच काटकसर होणार, आणि आपल्याला रोज चालवायचं असतं ते नेमकं तेच. आपल्याकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल, बाकी सगळं सरळ. साध्या सायकलला पुढं ४४ दाती (म्हणजे ४४ दात्यांचं चक्र) आणि मागं १८ दाती असेल तर एका पायडलला २६ इंची सायकल पाच मीटर जाते, मिनिटाला साठ वेळा पाय फिरवले तरी ताशी १८ किलोमीटर पडतात. कामावर जायला ह्यापेक्षा जास्त कशाला पाहिजे?

कंदीपेढा:
तुमची सांगली परातीसारखी सपाट, म्हणून हे सुचतंय. आमच्या साताऱ्याला या. सकाळी राजवाड्याकडनं पोवई नाक्याला, तिथनं एमआयडीसीला जाताना पायडल न मारता पोचाल, मजा वाटंल. पण शिफ्ट सुटल्यावर आठ तास उभं राहून पाय भरून आलेत आणि आता चढ सुरू! त्या वेळी ४४-१८ वर उभं राहून मारायची, नाहीतर उतरून ढकलत न्यायची. एकवीस गिअरच्या सायकलला पुढं २८ मागं २८ दाती टाकता येतं, दमादमानं का होईना बसून घरी पोचतो माणूस. गिअर चैनीला नसतात, दमलेल्या माणसासाठी असतात.

स्प्लेंडर_झिंदाबाद:
जुनी फटफटी घ्या आणि विषय संपवा. एप्रिलमधी घामानं भिजून कामावर जाणार का तुम्ही?

गावभागकर:
पेट्रोल तुम्ही टाकणार असाल तर आत्ता घेतो 😀

मिस्त्रीचा_पोरगा:
आमचं दुकान हाय सायकलचं, म्हणून बोलतो. दोघंबी बरोबर हाय पण एक गोष्ट कुणीच बोलंना, मागचं फ्रीव्हील, म्हंजे मागच्या चाकाचं दातीचं चक्र, बदलता येतंय की! १८ च्या जागी २२ दाती टाका, चेनला एक जोडकडी वाढवायला लागती तेवढंच, काम अर्ध्या तासाचं. पायडल पाचातलं एक भाग हलकं होतंय, सपाटीला ताशी पंधरानं जाशीला पण चढाला उतरायला लागणार नाय. गिऱ्हाईक सायकल घेताना रंग बघतंय, स्टिकर बघतंय, दाती कोण मोजत नाय.
आणि स्वस्त गिअरवाल्याचं सांगू का, सायकल उजव्या अंगावर पडली की डिरेलरचा हँगर (तो अडकवायची पट्टी) वाकतोय, मग सगळ्यात मोठ्या दातीवर टाकलं की डिरेलर थेट स्पोकमधी. आठवड्याला एकतरी असली सायकल येती दुकानात. शाळेच्या स्टँडवर एकमेकांवर टेकलेल्या असत्यात ना, तिथंच होतंय हे.

मिरजेची_सून:
मी मिरजेला हॉस्पिटलमधे ड्युटीला जाते, सायकलनं. गिअरवरून भांडताय पण पूर्ण चेन कव्हर कुणाच्या लक्षात आलं का? गिअरच्या सायकलला ते बसतच नाही, चेन इकडंतिकडं सरकते ना. पांढऱ्या सलवारीला एकदा काळं ग्रीस लागलं की ते जन्मात जात नाही. मला चेन कव्हर, मागच्या चाकाला ओढणीची जाळी, कॅरियर, मडगार्ड आणि डब्याला बास्केट पाहिजे, आणि हे सगळं फक्त साध्या लेडीज सायकललाच आयतं मिळतं. बाकीच्यांना मडगार्डसुद्धा नसतं, पावसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन कामावर जायचं का दादा?

वारणाकाठ:
बिनगिअरवाल्यांनी वाऱ्याचा हिशोब धरलेला नाही. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की मिरजेकडून सांगलीला येणं म्हणजे चढच, फक्त डोळ्याला दिसत नाही. वय पन्नाशीच्या पुढं, गुडघे कुरकुरतात, तिथं जोर लावून पायडल मारणं बरं नव्हे. माझं मत आहे की सस्पेन्शन नको, डिस्क नको, पुढं एकच चेनव्हील (पायडलजवळचं चक्र) आणि मागं सात गिअर अशी घ्यावी. पैसे थोडे जास्त जातात पण गुडघ्याच्या डॉक्टरपेक्षा कमीच. आणि साध्या सायकलच्या ब्रेकबद्दल गावभागकर एक शब्द बोलले नाहीत. स्टीलच्या चकचकीत रिमला पावसात रबरी ब्रेक धरत नाहीत, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अचानक थांबला तर काय करायचं?

गावभागकर:
ब्रेकचं एकदम मान्य, म्हणून ॲल्युमिनियमची रिम आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी धरणारे) असलेली बिनगिअरची बघायची, मिळते त्या पैशात. डिस्क ब्रेक स्वस्तातला असला की नुसता घासत बसतो.
वाऱ्याचं म्हणाल तर मिस्त्रींनी सांगितलेली २२ दाती तिथंही चालंल की.
आणखी एक. २०१९ च्या पुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा आमची जुनी सायकल पाण्यात बुडून राहिली. पाणी उतरल्यावर हब उघडले तर आत ग्रीसच्या जागी नुसता गाळ. रॉकेलमधे धुतलं, छर्रे नवीन टाकले, चेन बदलली, ती अजून फिरतीय. शेजारच्यांच्या गिअरच्या सायकलचे दोन्ही शिफ्टर आतून गंजून धरले, केबल बाहेरच्या नळीतच चिकटली, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून त्यांनी ती भंगारात घातली. पूर रोज येत नाही कबूल, पण पावसाळा तर दरवर्षी येतो.

आजोबांची_ॲटलास:
तुम्ही सगळे नवीन सायकलीवर घसरलाय. जुनी २८ इंची दांडीची सायकल दोन हजाराच्या आत मिळते, सिमेंटचं पोतं टाका कॅरियरला, हूं म्हणत नाही. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, बरोबर जागतिक सायकल दिनालाच बंद पडला, तरी सुटे भाग अजून कुठल्याही गावात मिळतात, कारण दांडीच्या सगळ्या सायकलींचे भाग एकमेकांना बसतात.

मिस्त्रीचा_पोरगा:
भाग मिळत्यात आजोबा, पण वीस किलोची सायकल तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? अपार्टमेंटवाल्यांचा पहिला प्रश्न तोच असतोय. आणि खाली ठेवली तर सकाळी सीट गायब.

कंदीपेढा:
२२ दातीचं पटलं थोडं. पण तरी पोवई नाक्यावरनं वर यायला ती पुरणार नाय, पैज लावतो. मिस्त्री, २४ दाती मिळती का तुमच्याकडं?

मिस्त्रीचा_पोरगा:
मागवायला लागंल. सायकल घेऊन या, आधी पुढची दाती मोजू, ४८ असली तर मागं कितीबी घातलं तरी साताऱ्यात ढकलतच न्यायला लागणार.