मदत हवी आहे: एकट्या राहणाऱ्या मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन (घाटंजी, यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

शेजारच्या मावशींसाठी लिहिते आहे. वय साठीच्या पुढे, घरी एकट्याच. मजुरीनं कापूस वेचतात. परवा आम्ही कापसाचे लागून-लागून तास (ओळी) धरले होते. बोंड त्यांना दिसतच नाही, हातानं चाचपतात. टरफलाच्या टोकांनी बोटं सोलून निघालीत. ओटी उलटी केली तर कापसात अर्धा पालापाचोळा. मजुरी किलोवर असते, आणि मालक कचरा पाहून बोलतो. मावशी खाली मान घालून एकेक काडी वेचत बसल्या, तीही बोटांनीच. मला फार वाईट वाटलं.

उजव्या डोळ्याची बाहुली पांढरट झाली आहे, डाव्यानं धुकं-धुकं दिसतं. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, "उलंगवाडी (कापसाचा हंगाम संपणं) होऊ दे, तवर पिकते बी तो." पण खरी गोष्ट भीतीची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेत शिबिर भरलं होतं, तिथं त्यांच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी डोळ्यात पू झाला आणि डोळा गेला. त्यांना मी "काही होत नाही" असं कोणत्या तोंडानं सांगू?

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं असतं का? फुकट पण भरवशाचं ऑपरेशन कुठं होईल? आणि एकट्या बाईला थेंब कोण घालणार? माझ्याही घरी लहान लेकरं आहेत.

उत्तर १
ताई, मी अनेक वर्षं नेत्र विभागात परिचारिका होते. पिकायची वाट अजिबात पाहू नका. तो जुना समज आहे. रोजचं काम अडलं की ऑपरेशनची वेळ झाली. जास्त पिकलेला मोतीबिंदू फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि कायमचं नुकसान होतं. डोळा लाल होऊन ठणकला, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मावशींची भीती खोटी ठरवू नका. जंतुसंसर्ग कमी वेळा होतो, पण होतो. म्हणूनच आता गावात फक्त तपासणी करतात आणि ऑपरेशन मोठ्या रुग्णालयाच्या थिएटरात. आधी साखर आणि बीपी पाहतात, डोळ्याच्या कोपऱ्यातली अश्रूनळी पिचकारीनं तपासतात. तिथं पू असेल तर आधी त्याचा इलाज. हे सगळं त्यांना बसून सांगा. ऑपरेशननंतर दुखलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच परत न्यायचं.

आधी ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना दाखवा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे, सरकारी रुग्णालयात ऑपरेशन आणि भिंग मोफत असतं. यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. वर्ध्याकडं सोय असेल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही चौकशी करा. आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा.

उत्तर २
थेंब साधारण महिना-दीड महिना चालतात, सुरुवातीला दिवसातून बरेचदा. आमच्या आजीच्या वेळी आशाताईंनी (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) चार घरांच्या पाळ्या लावून दिल्या. हात साबणानं धुवायचे, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, एवढं आधी सगळ्यांना शिकवा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पू कशानं होतो हे तुम्ही लिहिलं तसंच मावशींना सांगितलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या याइले तवा कोणी नळी पाह्यली नाही वो." सोमवारी जायला तयार झाल्या आहेत. आशाताईंशी बोलले, पाळ्यांसाठी तीन घरं मिळाली, चौथं शोधते आहे. मावशींनी विचारलंय, चूल कधीपासून पेटवता येईल?

उत्तर १
डॉक्टर सांगेपर्यंत धुरापासून दूर, आणि डोक्यावरून पाणीही नको. चौथं घर मिळालं की जेवणाच्या डब्याचंही त्याच घरांत वाटून घ्या.