डिस्नेच्या पार्कातल्या सिंडरेलाच्या किल्ल्यात जेवायचं बुकिंग मिळेना, मदत हवी आहे

लातूरची_बाई: चार दिवसांपासून डोकं धरून बसलेय. लेकीला किल्ल्यात सिंडरेलाला भेटत जेवायचंय. बुकिंग सकाळी ६ ला उघडतं म्हणे, म्हणून रोज गजर लावून उठते, तोंडही न धुता मोबाइल घेऊन बसते. काहीच मिळत नाही. युक्ती माहीत असेल तर पटकन सांगा.

बीडकर_भाऊ: कुठलं डिस्ने? तारीख? माणसं किती? उतरणार कुठं?

लातूरची_बाई: किल्ला म्हणलं की कळत नाही का भाऊ?

बीडकर_भाऊ: टोकियोतही सिंडरेलाचाच किल्ला आहे ताई. उगाच नाही विचारलं.

नांदेडचा_पाव्हणा: एवढ्या लांब कशाला? खोपोलीचं इमॅजिका बघा. आम्ही जाऊन आलो, पोरं लै खूश.

लातूरची_बाई: फ्लोरिडा. १० ते १७ नोव्हेंबर. सासू-सासरे धरून सात जण. मुक्काम टॅम्पाला, दिरांकडं.

ऑरलँडोवाला: बरं झालं सांगितलंत. ६ म्हणजे इथले सकाळचे ६! तुमच्याकडं तेव्हा दुपारचे साडेतीन. तुम्ही उठून बसता तेव्हा इथं आदल्या रात्रीचे साडेआठ असतात, त्या तारखेचं काही उघडलेलंच नसतं.

दुसरं, बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या १० दिवसांपर्यंतचं एकदम करता येतं, तुम्हाला रोज एकेका दिवसाचं. म्हणजे १६ नोव्हेंबरचं १७ सप्टेंबरला. आणि सात जणांचं टेबल सापडणं अवघड, चार आणि तीन असं वेगळं बघा.

परळीची_सून: सासूबाईंना तीनच्या टेबलावर बसवणार? परत घरी यायचंय ना त्यांना 😄

ऑरलँडोवाला: एकाच वेळेचं घेऊन तिथं शेजारी बसवायची विनंती करता येते, खात्री नाही. नाही जमलं तर रद्द करा. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत फुकट होतं, न सांगता गैरहजर राहिलात तर माणशी १० डॉलर.

बीडकर_भाऊ: म्हणूनच लोक चार-चार टेबलं अडवून ठेवतात अन् आदल्या दिवशी सोडतात. आदल्या रात्री बघत बसा, मला तसंच मिळालं होतं.

ऑरलँडोवाला: नशिबावर सहल आखायची का भाऊ?

परळीची_सून: माझं ऐकाल तर किल्ला सोडा, सना नावाचं रेस्टॉरंट बघा. डिस्नेच्याच अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलात आहे, पार्कचं तिकीट लागत नाही. नान येतात, सोबत नऊ चटण्या अन् लोणची. आमचे मामंजी आठ दिवस ब्रेडवर काढून वैतागले होते, तिथं बाह्या सारून बसले. खिडकीबाहेर जिराफ!

लातूरची_बाई: लेक जिराफाला सिंडरेला मानणार नाही.

नांदेडचा_पाव्हणा: व्हिसा झाला का? मुंबईचा स्लॉट मिळत नसेल तर...

लातूरची_बाई: व्हिसा झालाय हो! १७ ला मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन करून मी घरी मोकळीच. साडेतीनला बसते.

ऑरलँडोवाला: सव्वातीनलाच लॉगिन करा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का तेही आधी बँकेच्या अ‍ॅपात बघा, आपल्याकडं ते बंदच असतात. किल्ला मॅजिक किंगडमच्या आत आहे, १६ चं तिकीट त्याच पार्कचं काढलंय ना?

लातूरची_बाई: थांबा, यांना विचारते. तिकिटं दिरांनी काढलीत.

परळीची_सून: दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी घेऊन जा मात्र. पार्कात घरचं खाणं चालतं, काचेची बरणी तेवढी नको.